मीनसंजीवन आणि दोन चाळण्या

बोरदऱ्याच्या तळ्याच्या बांधावर त्या सकाळी एकशे सदतीस माणसं उभी होती. प्रार्थनाने दोनदा मोजली. दुसऱ्यांदा एक जास्त भरला, कारण मधल्या वेळात पोस्टमनही सायकल टेकवून गर्दीत शिरला होता. म्हणजे एकशे अडतीस. माणसांखेरीज एक टेम्पो, टेम्पोत झाकणाची निळी टाकी, झेंडूच्या फुलांच्या दोन पाट्या, बाभळीच्या फांदीला अडकवलेला एक ताणकाटा, आणि नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या जाळ्यात अकरा मासे.

"अकरा," मीनानंद महाराज म्हणाले. "रुद्र किती असतात? अकरा. पाण्याला हे ठाऊक आहे, माणसाला सांगावं लागतं."

मागच्या खेपेला नऊ मासे आले होते, तेव्हा ते नवनाथ होते. त्याआधी सात, तेव्हा सप्तर्षी. चौदा आले असते तर बोरदऱ्यात चौदा रत्नं निघाली असती.

महाराजांचा माणूस सहादेव एकेक मासा काट्याला लावून आकडा मोठ्याने सांगत होता. तीनशे पाच. तीनशे वीस. दोनशे नव्वद. प्रत्येक आकड्याला गर्दीतून एक सुस्कारा निघे. मार्गशीर्षात याच तळ्यातला मासा गावाने याच काट्यावर मोजला होता, तेव्हा सरासरी पंच्याऐंशी ग्रॅम भरली होती. आता माघी पौर्णिमा. महाराजांच्या मीनसंजीवन नावाच्या भुकटीच्या चार गोण्या तेवढ्या मधल्या काळात पाण्यात पडल्या होत्या.

"दोन महिन्यांत साडेतीन पट," महाराज म्हणाले. "कोणत्या कंपनीचं खाद्य हे करील? कंपनी पोट भरते. मी प्राण भरतो." मग ते मासेवाल्या गटाच्या प्रमुख मरियाबाईंकडे वळले. "बाई, तुमच्याही पवित्र पुस्तकात पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार माणसं जेवली. मी तर गोणी देतो."

मरियाबाईंनी हात जोडले. बाजूला उभ्या असलेल्या गटातल्या गोजरबाईंनी तर पदर पसरला. अकराही मासे देवाचा वाटा म्हणून सहादेवने टेम्पोतल्या निळ्या टाकीत सोडले. ते प्रवरामाईत सोडायचे होते, म्हणजे पुण्य गावाच्या नावावर जमा होणार होतं.

प्रार्थना मरियाबाईंची मुलगी. संगमनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एमएस्सी करून ती आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. गर्दी बघत होती आकड्यांकडे. ती बघत होती माशांकडे. अकराच्या अकरा कटला होते. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, चूक होण्यासारखं काही नव्हतं. या तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सारख्या भागाने सोडली होती. गेल्या आषाढात पिशव्या सोडताना ती स्वतः गुडघाभर पाण्यात उभी होती. तीन जातींच्या तळ्यात जाळं टाकलं, आणि एकाच जातीचे अकरा आले. त्यांत एकही बारका नाही. कोणत्याही तळ्यात, कोणत्याही वर्गात, कोणत्याही घरात सगळी भावंडं एका उंचीची नसतात.

गर्दी पांगल्यावर ती कडेकडेने चालत गेली. कोपऱ्यात, तळ्याला अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर एक मृगळ मरून लागलं होतं. तिने ते उचललं. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पोट पाठीला लागलेलं, पाठ सुरीसारखी. आजाराची एकही खूण नव्हती. ते उपाशी मेलं होतं.

*

हे तळं गावाचं होतं. बोरदरा संगमनेरच्या पठारावर. पाऊस येतो तो पुढे निघून जायला. सरपंच आप्पासाहेब एकदा हिवरे बाजार बघून आले, आणि तेव्हापासून गावात पाण्याचा हंडासुद्धा ग्रामसभेला विचारल्याशिवाय हलत नसे. तळं भरलं की त्यातलं किती कोणाला, हे हात वर करून ठरे. गेल्या वर्षी मरियाबाईंच्या गटातल्या बारा बायांनी मागणी केली की आम्हाला त्यात मासे करू द्या. बरीच हसाहस झाली. पठारावर मासे म्हणजे डोंगरावर होडी, असं कोणीतरी म्हणालं. पण हात वर झाले. अट एकच: महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत मासे वाढताना दिसले पाहिजेत. दिसले तर पाणी पावसाळ्यापर्यंत तळ्यात राहील. नाही दिसले तर ते डाळिंबाला सोडायचं, आणि मासे आहेत तसे काढून टाकायचे.

बारा बायांत सासरहून परत आलेल्या दोघी होत्या, नवरा गेलेल्या तिघी. त्यांच्यासाठी तळं म्हणजे पाण्याचा खड्डा नव्हता. गावाने पहिल्यांदा त्यांच्या हाती दिलेली ती एकमेव गोष्ट होती. थंडीत मासा वाढेना, तेव्हा बारा जणी धास्तावल्या. थंड पाण्यात मासा कमी खातो आणि सावकाश वाढतो, हे त्यांना सांगायला कोणी आलं नाही. महाराज मात्र आले.

संध्याकाळी चुलीपुढे प्रार्थनाने विचारलं, की माशांना घालायची पेंड आणि कोंडा कधीपासून बंद आहे.

"संजीवन सुरू केलं तवापासून," मरियाबाई म्हणाल्या. "त्येंचा नेमच हाय तसा. अन्न आणि अमृत एका पोटात ऱ्हात न्हाई म्हनले."

प्रार्थनाने गोणीतली चिमूटभर भुकटी हुंगली. लसूण, मेथी, थोडी हळद, आणि बरीचशी राख. तिला हसू आलं आणि ते लगेच विरलं. तिचा स्वतःचा प्रकल्प लसूण आणि मेथीवरच होता. काचेच्या टाक्यांत, रोहूच्या पिल्लांना, किलोभर खाद्यात दहा ग्रॅम सुकी भुकटी. फायदा झाला होता. थोडासा, पण मोजता येण्यासारखा. माशाला वासाने भूक लागते, पचन सुधारतं, रोगाला तो जरा कमी बळी पडतो. पण तिथे लसूण खाद्यात होता. इथे खाद्यच नव्हतं.

तिने आईला मेलेल्या मृगळाबद्दल सांगितलं. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, चिखल नाही, शेवाळही नावाला. माशाला बाहेरून दिलं तेवढंच मिळतं, हे सांगितलं. मरियाबाई भाकरी थापत राहिल्या.

"पाण्याच्या वर बारके मासे दिसत्यात," त्या म्हणाल्या. "महाराज म्हनले ती नवी पिल्लं हायेत. माश्यांनी घातलेली."

"आई, रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहती नदी लागते, पूर लागतो. ती पिल्लं नाहीत. ते आपलेच मासे आहेत, आषाढात सोडलेले."

भाकरी तव्यावर पडली. त्यांनी ती उलटली. मग म्हणाल्या ते प्रार्थनाच्या लक्षात राहिलं.

"मला काय कळत न्हाई व्हय गं? म्या रोज तळ्यावर जाते. मासा फुगतोय का वाळतोय, दिसतं मला. पन शिवरात्र तोंडावर हाय. काटा तीनशे दाखवतोय, गाव तीनशे बगतंय. तू म्हनशील ते खरं आसंल. पन खऱ्यानं पानी जानार आसंल तर मी त्या बारा जनींना काय सांगू?"

प्रार्थनाने मनात दोन्हींचा हिशेब मांडला. खोट्याने पाणी राहणार होतं आणि मासे मरणार होते. खऱ्याने पाणी जाणार होतं आणि मासे मरणार होते. फरक एवढाच की खोट्याला पुढच्या वर्षी आणखी एक गाव मिळालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर गेली तेव्हा सहादेवचं जाळं बाभळीवर वाळत होतं. पुढच्या खेपेसाठी महाराजांनी ते तिथेच ठेवलं होतं, हार घालून, हात लावायची मनाई करून. आसपास कोणी नव्हतं. प्रार्थनाने हार बाजूला सारला आणि जाळ्याच्या एका घरात बोटं घातली. तीन बोटं सहज आरपार गेली. चौथंही जरा दाबल्यावर गेलं.

मग ती पंपाच्या खोलीत गेली. गटाचं स्वतःचं जाळं तिथे खुंटीला होतं. मार्गशीर्षात याच जाळ्याने मोजणी झाली होती, महाराज येण्याआधी. त्याच्या घरात करंगळीसुद्धा जाईना.

ती पायरीवर बसली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तळ्यातला बहुतेक मासा उपाशी, बोटभरही न वाढलेला. पण प्रत्येक तळ्यात शेकडा चार-पाच मासे असे असतातच, जे दुसऱ्याच्या तोंडचं हिसकावून पुढे निघतात. कटला त्यात पहिला. बारीक घराच्या जाळ्यात सगळेच येतात आणि सरासरी पंच्याऐंशी भरते. मोठ्या घराच्या जाळ्यातून लहान मासे निसटून जातात, पुढे गेलेले तेवढे अडकतात, आणि सरासरी तीनशेच्या वर जाते. मासा वाढलाच नव्हता. जाळं बदललं होतं.

आणि दर खेपेला वर काढलेले ते थोडे मोठे मासेही निळ्या टाकीतून जात होते.

तिने हे गोजरबाईंना सांगून बघितलं. गोजरबाई गटात वयाने सगळ्यात मोठ्या, बोलायलाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की पोरी, तुझ्या कॉलेजात काचेत मासा वाढतो, आमच्यात तो देवानं वाढतो. जाळ्याची भोकं मोजत बसलीस तर देव कुठून दिसायचा. प्रार्थना घरी आली. आई शेतावर गेली होती. स्वयंपाकघरात भिंतीला दोन चाळण्या लटकत होत्या. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

*

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा तळ्यावरच भरली. महाराजांचा तसा आग्रह होता; पाण्याचा निकाल पाण्यासमोर व्हावा. मंडप पडला होता. आप्पासाहेब खुर्चीत, महाराज तक्क्यावर, बारा बाया जमिनीवर एका रांगेत. सहादेवने हार काढून जाळं खांद्यावर घेतलं.

"आप्पा, आधी मला थोडा वेळ द्या," प्रार्थना म्हणाली आणि पुढे आली. तिच्या हातात दोन चाळण्या होत्या आणि एक पाटी. पाटीत बाजरी, आणि बाजरीत मूठभर हरभरे मिसळलेले.

महाराज हसले. "कन्येला स्वयंपाक करायचा आहे वाटतं."

"हो," ती म्हणाली. तिने पिठाची चाळण घेतली, पाटीतलं धान्य तिच्यात ओतलं आणि चाळलं. काहीच खाली पडलं नाही. "गोजरमावशी, चाळणीत काय आहे?"

"बाजरी. मधी हरभरा."

"जास्त काय?"

"बाजरीच की."

तेच धान्य तिने मोठ्या भोकाच्या चाळणीत ओतलं आणि चाळलं. बाजरी सर्रकन पाटीत पडली. चाळणीत मूठभर हरभरे राहिले. ती चाळण घेऊन बारा बायांच्या रांगेपुढून सावकाश चालत गेली.

"आता काय आहे?"

गोजरबाई चाळणीकडे बघत होत्या.

"मावशी, बाजरीचा हरभरा झाला का?"

गोजरबाईंनी वर बघितलं. आयुष्यभर त्यांनी धान्य चाळलं होतं. दुसऱ्या प्रश्नाची गरज नव्हती. त्या उठल्या, सहादेवकडे गेल्या आणि त्याच्या खांद्यावरच्या जाळ्यात चार बोटं घातली. बोटं पलीकडून बाहेर आली. ती त्यांनी हलवून सगळ्या गावाला दाखवली.

"आमचं जाळं आन गं कोनीतरी," त्या म्हणाल्या.

महाराज तक्क्यावरून उठले. ते जाळं अभिमंत्रित नाही, ते म्हणाले, त्याने पाण्याला ओरखडा बसेल, संजीवन उलटेल, याची जबाबदारी आपण घेणार नाही.

"महाराज, पान्याला ओरखडा कसा बसतो ते बगायचंच हाय आमाला," गोजरबाई म्हणाल्या. "बसला तर हळद लावू. गोनीत हाय थोडी."

मंडपात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. आप्पासाहेबांनी सहादेवला गटाचं जाळं टाकायला सांगितलं. तो महाराजांकडे बघू लागला, तेव्हा मरियाबाईंनी जाळं हातात घेतलं. त्यांनी कधी जाळं फेकलं नव्हतं. ते नीट पसरलंही नाही, पण पाण्यात पडलं. बारा जणींनी मिळून ओढलं.

जाळ्यात चौसष्ट मासे आले. कटला, रोहू, मृगळ, तिन्ही. त्यांतले दोन मोठे. बाकी सगळे मोठ्या डोक्याचे आणि सुरीसारख्या पाठीचे. आप्पासाहेबांनी स्वतः काट्यावर लावले. दोन मोठे धरूनही सरासरी एक्क्याऐंशी ग्रॅम भरली. मार्गशीर्षापेक्षा चार ग्रॅम कमी.

श्रद्धा उणी पडली, असं महाराज म्हणाले. मग तळ्याच्या दिशेत दोष असल्याचं म्हणाले. मग विज्ञान शिकलेल्या मुलीच्या नजरेचा दोष म्हणाले. तेवढ्यात पोस्टमनने सहादेवला विचारलं, की बाबा, ते देवाच्या वाट्याचे मासे प्रवरेत नक्की कुठल्या घाटावर सोडलेस. सहादेवने खिशातली टेम्पोची किल्ली चाचपली. मग म्हणाला, की घाटावर नाही, संगमनेरच्या बाजारात. महाराजांना घेऊन टेम्पो निघाला तेव्हा कोणी अडवला नाही. गावाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. सगळे चौसष्ट माशांकडे बघत होते.

*

मग तेच झालं ज्याची मरियाबाईंना भीती होती. आप्पासाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की ठरलं ते ठरलं. मासा वाढलेला नाही, तेव्हा पाणी डाळिंबाला. त्यात वाईटपणा नव्हता. झाडंही वाळत होती. बारा जणींपैकी एकीने पदर तोंडाला लावला. मरियाबाई ओल्या जाळ्याच्या ढिगाजवळ बसून राहिल्या. लेकीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

प्रार्थनाला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. तरी ती बोलली.

"आप्पा, मी तुम्हाला चमत्कार देऊ शकत नाही. मी एवढंच सांगते, की हा मासा नापास झालेला नाही. त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. दोन महिने जेवण बंद ठेवून वजन कोणाचं वाढेल? महाराजांच्या गोणीतला लसूण आणि मेथी खोटी नव्हती. पण ती चटणी आहे. चटणीने भाकरी दोन घास जास्त जाते. भाकरीच काढून घेतली तर चटणी काय करील? उद्या कोणी तुम्हाला सांगेल की सगळा पाला-मुळा थोतांड आहे, त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. माझ्यावरही ठेवू नका. मोजा. फक्त, ज्याचा मोजण्यात फायदा आहे त्याच्या जाळ्याने मोजू नका."

"मंजी करायचं काय?" आप्पासाहेब म्हणाले.

तिने सांगितलं. तळ्यात तीन वेगळ्या कोपऱ्यांत तीन पिंजरे. प्रत्येकात वीस मासे, तिन्हींत जातींचं प्रमाण एकच, सुरुवातीची सरासरी सारखी. पहिल्यात फक्त संजीवन, महाराज सांगत तसं. दुसऱ्यात फक्त पेंड आणि कोंडा. तिसऱ्यात पेंड आणि कोंडाच, तेवढाच, त्यात किलोला दहा ग्रॅम लसूण-मेथी. खाऊ घालणारी माणसं वजन करणाऱ्याहून वेगळी असतील, आणि वजन करणाऱ्याला कुठला पिंजरा कोणता हे सांगायचं नाही. रामनवमीला काढायचं.

कोणीतरी म्हणालं की तोवर डाळिंब जळेल. मग बराच वाद झाला. एकाने मरियाबाईंना टोमणा मारला की एका बाबाला घालवलं तर घरचीच बुवा निघाली. गोजरबाईंनी त्याला विचारलं, की तुझ्या बागेला कीड लागते तेव्हा तू औषधाच्या दुकानात जातोस का महाराजांचा टेम्पो बोलावतोस. आप्पासाहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी मत मांडलं: पाणी निम्मं आजपासून सोडायचं, निम्मं ठेवायचं. रामनवमीला तीनपैकी कोणत्याही पिंजऱ्यातला मासा सरासरी एकशेवीस ग्रॅमला पोचला, तर राहिलेलं पाणी त्या पद्धतीने चालणाऱ्या माशांचं, पावसाळ्यापर्यंत. नाही पोचला, तर त्याच दिवशी मोटार सुरू.

हात वर झाले. मोजले तेव्हा फक्त सहाने जास्त निघाले.

पिंजऱ्यांसाठी जाळी आप्पासाहेबांच्याच बागेतून आली, डाळिंबावर पक्ष्यांसाठी घालतात ती. बांबू गोजरबाईंनी दिले. पेंड भोकं पाडलेल्या पिशवीत बांधून पाण्यात लटकवायची, हे मरियाबाईंना आठवलं, महाराज येण्याआधी त्या तसंच करत. त्याच संध्याकाळी मोटार सुरू झाली. पाणी रोज थोडं थोडं उतरताना दिसे. कागदावर ओलीची रेघ राही, तिच्याखाली दुसरी. एका पिंजऱ्यात मासे मरू लागले, तेव्हा मरियाबाईंनी विचारलं की त्यांना तेवढी पेंड द्यायला काय हरकत आहे, मुकी जनावरं आहेत. प्रार्थनाने सांगितलं की आता दिली तर तो पिंजरा काही सांगणार नाही. आई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थना स्वतः त्या पिंजऱ्याजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि काही न टाकता परत आली.

लोकांनी पैजा लावल्या. काही जण रोज येऊन पिंजऱ्यांकडे बघून जात. एक म्हातारा तिसऱ्या पिंजऱ्याला हळद-कुंकू वाहून गेला. प्रार्थनाने ते धुतलं नाही, फक्त म्हणाली की आता उरलेल्या दोन पिंजऱ्यांनाही वाहा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. त्याने वाहिलं.

रामनवमीला दुपारी जन्मोत्सव आटोपून गाव तळ्यावर आलं. पाणी निम्म्यावर होतं. पिंजरे एकेक करून बांधावर आणले. काट्याजवळ पोस्टमन बसला होता. कुठल्या कोपऱ्यातलं काय हे त्याला माहीत नव्हतं. मासे मोजून वजन झाल्यावर त्याने तीन आकडे आप्पासाहेबांना दिले आणि त्यांनी कोपऱ्यांच्या नावाने ते वाचले.

पंपाकडचा कोपरा, फक्त संजीवन: सुरुवात एक्क्याऐंशी, आता चौऱ्याहत्तर ग्रॅम, वीसपैकी तेरा जिवंत.

बाभळीकडचा कोपरा, पेंड आणि कोंडा: सुरुवात एक्क्याऐंशी, आता एकशे सतरा ग्रॅम, वीसपैकी एकोणीस जिवंत.

रस्त्याकडचा कोपरा, पेंड, कोंडा आणि लसूण-मेथी: सुरुवात ब्याऐंशी, आता एकशे चोवीस ग्रॅम, वीसपैकी वीस जिवंत. एकशेवीसच्या वर चार; त्या दिवशी मोटार सुरू झाली नाही.